विकसनशील देशांचे उत्सर्जनमापन आणि गावपातळीवरील दप्तर : मंगरूळपीर तालुक्याच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

हवामानबदल हा विषय आता केवळ विज्ञान शाखेपुरता मर्यादित राहिलेला नाही. अर्थशास्त्र, राज्यशास्त्र, भूगोल आणि इतिहास या सर्व विद्याशाखांना त्याची दखल घ्यावी लागत आहे. कोणत्या देशाने वातावरणात किती हरितगृह वायू सोडले आणि ते कमी करण्यात त्याने किती मजल मारली, या दोन प्रश्नांच्या उत्तरांवर आंतरराष्ट्रीय वाटाघाटींतील जबाबदारीची वाटणी अवलंबून असते. ही उत्तरे मोजणीतून येतात. त्यामुळे मोजणी कोण करतो, कोणत्या मापाने करतो आणि त्यासाठीची माहिती कोठून आणतो, हे प्रश्न राजकीय महत्त्वाचे ठरतात.

विकसनशील देशांना उत्सर्जन मोजण्यासाठी साहाय्य करण्याची चर्चा प्रायः राजधानीच्या शहरांतून, तज्ज्ञांच्या समित्यांतून आणि निधीच्या आकड्यांतून होते. तथापि शेती व पशुधन या क्षेत्रांपुरते पाहिल्यास देशाच्या उत्सर्जनाचा हिशेब शेवटी गावच्या दप्तरावर उभा असतो. किती जनावरे आहेत, कोणते पीक किती क्षेत्रावर आहे, किती खत वापरले गेले, या नोंदी तालुक्यांतूनच वर जातात. वाशीम जिल्ह्यातील मंगरूळपीर हा असाच एक कोरडवाहू शेतीचा तालुका होय. हजरत दादा हयात कलंदर यांचा दर्गा आणि बिरबलनाथ महाराजांचे मंदिर यांमुळे तो सर्वपरिचित आहे. जागतिक हवामान-वाटाघाटींशी त्याचा संबंध वरवर पाहता दिसत नाही. पण तो आहे, आणि तो उलगडून दाखविणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे व पद्धती

(१) उत्सर्जनमापनाच्या आंतरराष्ट्रीय व्यवस्थेचा विकास विकसनशील देशांच्या दृष्टीने तपासणे. (२) भारताने स्वतःची मोजणी उभारण्याची ऐतिहासिक कारणे शोधणे. (३) या मोजणीचा मंगरूळपीरसारख्या तालुक्यातील शेतीशी व महसुली नोंदींशी असलेला संबंध स्पष्ट करणे. निबंधाची पद्धती ऐतिहासिक व वर्णनात्मक असून प्रकाशित शासकीय अहवाल आणि दुय्यम साधने यांवर ती आधारलेली आहे.

१. मोजणीची जुनी परंपरा

वऱ्हाड प्रांत १८५३ च्या तहान्वये निजामाकडून ईस्ट इंडिया कंपनीच्या व्यवस्थापनाखाली आला. त्यानंतरच्या दशकात येथे मुंबई इलाख्याच्या धर्तीवर जमिनीची मोजणी व प्रतवारी सुरू झाली. विंगेट व गोल्डस्मिड यांनी दख्खनमध्ये रूढ केलेल्या या पद्धतीत मातीचा रंग, पोत व खोली पाहून शेताची प्रत आण्यांमध्ये ठरविली जाई आणि त्यावरून सारा आकारला जाई. मंगरूळ तालुका त्या काळी बासीम म्हणजे वाशीम जिल्ह्यात मोडत होता. १९०५ मध्ये तो जिल्हा मोडून मंगरूळ अकोला जिल्ह्यात समाविष्ट करण्यात आला. पुढे १ जुलै १९९८ रोजी वाशीम जिल्हा पुन्हा अस्तित्वात आला.

जिल्ह्यांच्या सीमा बदलल्या तरी नोंदींची चौकट टिकून राहिली. पटवाऱ्याची पीक पाहणी, हंगामाची आणेवारी, पर्जन्यमापकावरील पावसाची नोंद आणि १९१९-२० पासून ठरावीक वर्षांनी होणारी पशुगणना या साऱ्यांतून गावाचे एक आकड्यांतील चित्र तयार होत गेले. या चित्राचा उद्देश गावाचे कल्याण हा नव्हता; सारा किती बसवावा आणि दुष्काळात तो किती सोडावा, हे ठरविणे हा होता. शेतकऱ्याच्या दृष्टीने मोजणी म्हणजे सरकारची नजर होती. हा वारसा लक्षात घेतला पाहिजे, कारण आजच्या उत्सर्जन-सूचीला लागणारी शेतीविषयक माहिती बऱ्याच अंशी याच चौकटीतून मिळते.

२. आकड्यांवरून उद्भवलेला वाद : १९९०-९१

रिओ परिषदेच्या तयारीच्या काळात वॉशिंग्टन येथील वर्ल्ड रिसोर्सेस इन्स्टिट्यूट या संस्थेने १९९० मध्ये देशवार उत्सर्जनाची क्रमवारी प्रसिद्ध केली. तीत भारताला पहिल्या पाच देशांत स्थान देण्यात आले होते. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेचे अनिल अगरवाल व सुनीता नारायण यांनी १९९१ मध्ये एक पुस्तिका प्रसिद्ध करून या मांडणीवर आक्षेप घेतला. समुद्र व वनस्पती जो वायू शोषून घेतात, त्यातील वाटा लोकसंख्येच्या प्रमाणात का देऊ नये, असा त्यांचा प्रश्न होता. गरीब शेतकऱ्याच्या भातखाचरातून निघणारा वायू आणि चैनीच्या मोटारीतून निघणारा वायू एकाच मापाने मोजणे न्याय्य नाही, अशी भूमिका त्यांनी घेतली.

हा आक्षेप वाटपाच्या तत्त्वाविषयी होता. दुसरा आक्षेप मूळ आकड्याविषयीच होता आणि तो प्रयोगाने सिद्ध करण्यात आला. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या अंदाजानुसार भारतातील भातशेतीतून वर्षाला सुमारे ३ कोटी ७८ लाख टन मिथेन बाहेर पडत होता. युरोप-अमेरिकेतील शेतांत केलेल्या मोजमापांवरून हा अंदाज बांधलेला होता. भातखाचरात पाणी सतत साचून राहिले की मातीत प्राणवायू उरत नाही आणि तेथील सूक्ष्मजीव सेंद्रिय पदार्थांपासून मिथेन तयार करतात. परंतु भारतातील भाताचे मोठे क्षेत्र पावसावर अवलंबून असते. तेथे पाणी साचते, आटते आणि पुन्हा साचते. मातीतील सेंद्रिय कर्बही कमी असतो.

नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेतील ज्येष्ठ शास्त्रज्ञ डॉ. ए. पी. मित्रा यांच्या पुढाकाराने १९९१ मध्ये देशभर भातशेतीतील मिथेनची मोजणी करण्यात आली. कटकच्या केंद्रीय भात संशोधन संस्थेसह अनेक संस्था तीत सहभागी झाल्या. पद्धत साधी होती. रोपांवर पारदर्शक बंद पेटी ठेवायची, ठरावीक वेळाने तीतील हवा पिचकारीने काढायची आणि प्रयोगशाळेत तिचे पृथक्करण करायचे. या मोजणीतून निघालेला आकडा वर्षाला सुमारे ४० लाख टनांचा होता, म्हणजे परदेशी अंदाजाच्या जेमतेम नवव्या हिश्श्याइतका. १९९४ या वर्षासाठी पुढे काढलेला ४०.९ लाख टनांचा आकडाही याच्याशी जुळणारा होता.

या प्रसंगाचे महत्त्व केवळ वैज्ञानिक नाही. भारताची बाजू घोषणांच्या बळावर नव्हे, तर शेतात ठेवलेल्या पेट्यांच्या बळावर टिकली. आकडा चुकीचा आहे असे नुसते म्हणणे पुरेसे नसते. त्याच्या जागी ठेवण्यास स्वतःचा तपासलेला आकडा असावा लागतो. त्या काळी अनेक लहान व गरीब देशांजवळ अशी प्रयोगशाळा व असे शास्त्रज्ञ नव्हते. त्यांच्या वाट्याला दुसऱ्यांनी काढलेला आकडा येत होता.

याच दशकातील दुसरे उदाहरण गोव्याचे आहे. काणकोण तालुक्यातील काब-द-राम येथे १९९३ पासून अहमदाबादची भौतिकी संशोधन प्रयोगशाळा आणि ऑस्ट्रेलियाची शासकीय संशोधन संस्था यांच्या सहकार्याने समुद्रकिनाऱ्यावरील हवेचे नमुने बाटल्यांत भरले जाऊ लागले. ते पृथक्करणासाठी ऑस्ट्रेलियात पाठविले जात. या उपक्रमातून मौलिक माहिती मिळाली. परंतु २००२ नंतर त्यात खंड पडला आणि २००९ मध्ये तो पुन्हा सुरू झाला. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने सिंहगडावर अशी निरीक्षणे हाती घेतली तीही २००९ मध्येच. सहकार्य मोलाचे असले तरी सातत्य स्वतःच्या यंत्रणेशिवाय राहत नाही, हे यावरून दिसून येते.

३. करार, मार्गदर्शिका आणि साहाय्याचे स्वरूप

१९९२ च्या संयुक्त राष्ट्र हवामानबदल आराखडा करारानुसार सर्व सदस्य देशांवर उत्सर्जनाची राष्ट्रीय सूची तयार करण्याचे बंधन आले. विकसनशील देशांना त्यासाठी येणारा खर्च विकसित देशांनी द्यावा, अशी तरतूद होती आणि जागतिक पर्यावरण सुविधा या निधीमार्फत तो दिला जाऊ लागला. १९९६ मध्ये जिनिव्हा येथे विकसनशील देशांच्या अहवालांसाठी पहिली मार्गदर्शिका ठरली. १९९९ मध्ये या देशांच्या साहाय्यासाठी तज्ज्ञांचा सल्लागार गट स्थापन झाला. २००२ मध्ये नवी दिल्ली येथे भरलेल्या आठव्या परिषदेत मार्गदर्शिका सुधारण्यात आली.

भारताने आपला पहिला राष्ट्रीय अहवाल जून २००४ मध्ये सादर केला. १९९४ हे आधारवर्ष धरून देशाचे एकूण उत्सर्जन सुमारे १२२.८५ कोटी टन कार्बन डायऑक्साइड-समतुल्य दाखविण्यात आले. त्यात शेतीचा वाटा २८ टक्के होता. चीननेही आपला पहिला अहवाल त्याच वर्षाच्या अखेरीस दिला. म्हणजे करार झाल्यापासून पहिला अहवाल येईपर्यंत बारा वर्षे लोटली, आणि आला तो दहा वर्षांपूर्वीच्या स्थितीचा. या दिरंगाईचे एक कारण साहाय्याच्या स्वरूपात होते. निधी प्रकल्पासाठी मिळे. प्रकल्पापुरते तज्ज्ञ नेमले जात. अहवाल सादर झाला की चमू पांगत असे. पुढच्या अहवालाच्या वेळी माहिती पुन्हा पहिल्यापासून गोळा करावी लागे. अनेक विकसनशील देशांचा हा अनुभव आहे.

२००७ च्या बाली परिषदेत ‘मोजता येईल, कळविता येईल आणि पडताळता येईल’ हे त्रिसूत्र आले. २०१० मध्ये कानकून येथे दर दोन वर्षांनी अद्ययावत अहवाल देण्याचे ठरले. त्याच वर्षी मे महिन्यात भारताने १०० हून अधिक संस्थांच्या जाळ्याच्या आधारे २००७ सालची सूची स्वतःहून प्रसिद्ध केली. तेव्हा भूवापर क्षेत्र वगळता एकूण उत्सर्जन १९०.४७ कोटी टन आणि त्यात शेतीचा वाटा १७.६ टक्के होता. २०१५ च्या पॅरिस कराराच्या तेराव्या अनुच्छेदाने सर्व देशांसाठी पारदर्शकतेची एकच चौकट आखली. ज्या विकसनशील देशांची क्षमता अपुरी आहे त्यांना सवलत दिली आणि क्षमता उभारणीसाठी स्वतंत्र निधी-उपक्रम सुरू केला. भारताने ३० डिसेंबर २०२४ रोजी सादर केलेल्या चौथ्या द्वैवार्षिक अहवालात २०२० चे उत्सर्जन भूवापर क्षेत्र वगळून २९५.९ कोटी टन दाखविले आहे. त्यात शेतीचा वाटा १३.७२ टक्के आहे. मोजणीच्या पद्धती बदलत गेल्याने या आकड्यांची काटेकोर तुलना करता येत नाही. तरीही शेतीचा वाटा घटला तो मुख्यतः ऊर्जाक्षेत्राचे उत्सर्जन झपाट्याने वाढल्यामुळे, हे स्पष्ट आहे.

४. मंगरूळपीरची शेती आणि उत्सर्जनाचे गणित

उत्सर्जन-सूची तयार करताना प्रत्येक गायीमागे यंत्र लावले जात नाही. जनावरांची संख्या, पिकाचे क्षेत्र किंवा खताची मात्रा यांना एका ठरावीक गुणांकाने गुणले जाते. म्हणून सूचीची विश्वसनीयता दोन गोष्टींवर अवलंबून असते : संख्या खरी असणे आणि गुणांक त्या प्रदेशाला लागू असणे. मंगरूळपीर तालुक्याच्या उदाहरणावरून हे समजून घेता येते.

पहिले उदाहरण गुरांचे. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात मिथेन तयार होतो. १९९४ च्या राष्ट्रीय सूचीत या मार्गाने निघणारा मिथेन सुमारे ८९.७ लाख टन, म्हणजे भातशेतीच्या दुपटीहून अधिक होता. आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेच्या १९९६ च्या आवृत्तीत दुभत्या गायीसाठी उत्तर अमेरिकेत वर्षाला ११८ किलो आणि भारतीय उपखंडात ४६ किलो मिथेन असे गुणांक दिले होते. भारतीय शास्त्रज्ञांनी देशी दुभत्या गायीसाठी २८ किलो आणि संकरित गायीसाठी ४३ किलो असे गुणांक काढले. समजा, एखाद्या गावात १०० देशी दुभत्या गायी आहेत. उपखंडासाठीच्या तयार गुणांकाने त्या गावाच्या नावे ४,६०० किलो मिथेन लागेल. देशी गुणांकाने २,८०० किलो. गाय तीच, गोठा तोच. केवळ माप बदलल्याने हिशेबात एवढा फरक पडतो. कडबा व कुटारावर पोसलेल्या, कमी वजनाच्या जनावराचे खाणेच कमी असते, हे त्यामागील कारण होय. अर्थात दुधाच्या दर लिटरमागे हिशेब केला तर कमी दूध देणारी देशी गाय मागे पडते. कोणता भाजक घ्यावा, हाही धोरणाचाच प्रश्न आहे.

येथे संख्येचे महत्त्व दिसते. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशातील देशी गोवंश मागील गणनेच्या तुलनेत ६ टक्क्यांनी घटल्याचे आणि संकरित व विदेशी गोवंश २६.९ टक्क्यांनी वाढल्याचे आढळले. मंगरूळपीरच्या गावात फिरणाऱ्या प्रगणकाने देशी गाय संकरित म्हणून नोंदविली, तर ती चूक गुणाकारातून थेट राष्ट्रीय सूचीत उतरते.

दुसरे उदाहरण सोयाबीनचे. पश्चिम विदर्भातील इतर तालुक्यांप्रमाणे येथेही ज्वारी व कपाशीचे बरेच क्षेत्र गेल्या तीन-चार दशकांत सोयाबीनने व्यापले. सोयाबीन व तूर ही हवेतील नत्र मुळांच्या गाठींत स्थिर करणारी पिके आहेत. १९९६ च्या मार्गदर्शिकेत अशा नत्रस्थिरीकरणाला नायट्रस ऑक्साइडचा थेट स्रोत मानले होते. २००६ च्या मार्गदर्शिकेने पुरेसा पुरावा नसल्याने तो वगळला आणि केवळ पिकाच्या अवशेषांतील नत्र हिशेबात ठेवले. रासायनिक खतातील नत्रासाठीचा गुणांकही १.२५ टक्क्यांवरून १ टक्क्यावर आला. शेतकऱ्याने आपल्या पद्धतीत काहीही बदल न करता त्याच्या शेताच्या नावावरील उत्सर्जन कागदावर कमी झाले.

तिसरे उदाहरण पऱ्हाटीचे. कपाशी निघाल्यावर पऱ्हाटी चुलीसाठी नेली जाते किंवा धुऱ्यावर जाळली जाते. मार्गदर्शिकेनुसार अशा जळणातून निघणारा कार्बन डायऑक्साइड पुढच्या पिकात परत शोषला जातो असे धरून शेतीच्या हिशेबात घेत नाहीत. मिथेन व नायट्रस ऑक्साइड मात्र घेतात. त्यासाठी किती पऱ्हाटी चुलीत गेली आणि किती शेतात जाळली, हे माहीत असावे लागते. पीक पाहणीच्या नोंदवहीत कपाशीचे क्षेत्र सापडते, पण पऱ्हाटीचे पुढे काय झाले याचा रकाना तीत नाही. महसुलासाठी आखलेले दप्तर हवामानाच्या हिशेबाला कोठे अपुरे पडते, ते यावरून कळते.

५. आकडा गावाकडे परत येतो काय ?

गेल्या दशकात तालुकापातळीवरील मोजणी पुष्कळ वाढली आहे. २०१७ पासून ‘महावेध’ प्रकल्पाखाली राज्यातील दोन हजारांहून अधिक महसूल मंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रे बसविण्यात आली. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली आणि पूर्वी तलाठ्याने भरावयाची नोंद शेतकरी स्वतः मोबाइलवरून करू लागला. शंभर-दीडशे वर्षांच्या इतिहासात नोंदीची लेखणी अंशतः तरी शेतकऱ्याच्या हाती येण्याचा हा महत्त्वाचा प्रसंग म्हणावा लागेल. ऑक्टोबर २०२४ मध्ये एकविसावी पशुगणनाही सुरू झाली.

हवामानबदलाशी जुळवून घेण्याच्या प्रगतीची मोजणी येथे प्रत्यक्षात आली ती नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पाच्या निमित्ताने. जागतिक बँकेच्या ४२ कोटी डॉलर कर्जाच्या आधारे २०१८ मध्ये सुरू झालेल्या या प्रकल्पात आरंभी १५ जिल्ह्यांतील सुमारे पाच हजार गावे घेण्यात आली. वाशीम जिल्ह्याचा त्यात समावेश होता. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेने विकसित केलेल्या पद्धतीने गावाचा पाण्याचा ताळेबंद मांडण्यात आला. पाऊस किती पडला, किती वाहून गेला, किती मुरला आणि पिकांना किती लागेल, हे गावासमोर ठेवून शेततळी, ठिबक व बांधबंदिस्ती यांचे नियोजन करावे, अशी ही कल्पना होती. अंमलबजावणीतील यशापयश हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. येथे नोंदवायचे ते एवढेच की, या पद्धतीत गावातून घेतलेला आकडा गावाच्या उपयोगासाठी गावाकडे परत येण्याची सोय होती.

उत्सर्जनाच्या बाबतीत मात्र अशी सोय अद्याप नाही. मुंबई महानगराने मार्च २०२२ मध्ये आपला हवामान कृती आराखडा जाहीर केला. त्यात २०१९ चे शहराचे उत्सर्जन २.३४ कोटी टन इतके दिले असून त्यातील सुमारे ७२ टक्के ऊर्जावापरातून होते. त्यामुळे तेथे उपाय कोठे करायचे हे ठरविता येते. मंगरूळपीरसारख्या तालुक्यातून मात्र गुरांची, पिकांची व खतांची माहिती वर जाते आणि राष्ट्रीय बेरजेत विलीन होते. कार्बन पतपत्रांचे व्यापारी उद्या बांधावर आले, तर आपल्या शेताचा मूळ आकडा कोणता, हे शेतकऱ्याला सांगता येणार नाही. १९९० मध्ये देशाची जी अडचण झाली होती, तीच अडचण आता शेतकऱ्याची होऊ शकते.

निष्कर्ष

१. उत्सर्जनाचा आकडा हा तटस्थ नसतो. गुणांक, आधारवर्ष व भाजक यांच्या निवडीत हितसंबंध दडलेले असतात. १९९१ च्या मिथेन मोजणीने हे भारतापुरते निर्विवाद सिद्ध केले.

२. विकसनशील देशांना दिलेले साहाय्य प्रकल्पापुरते राहिले तेव्हा अहवाल तयार झाले, पण यंत्रणा उभी राहिली नाही. स्वतःच्या प्रयोगशाळा, स्वतःचे गुणांक व कायम नेमलेली माणसे यांवर झालेला खर्चच टिकाऊ ठरतो.

३. शेतीक्षेत्राच्या सूचीचा पाया गावपातळीवरील दप्तर हाच आहे. पशुगणनेत देशी व संकरित जनावरांची अचूक नोंद, पीक अवशेषांचा रकाना आणि खतवापराची गाववार माहिती, एवढ्या सुधारणा विद्यमान व्यवस्थेतच करता येण्याजोग्या आहेत.

४. ग्रामीण महाविद्यालयांतील रसायनशास्त्र, भूगोल, सांख्यिकी व इतिहास या विभागांनी एकत्र येऊन आपल्या तालुक्याची उत्सर्जन-सूची तयार करणे शक्य आहे. त्यासाठी लागणारी मार्गदर्शिका व संगणकप्रणाली विनामूल्य उपलब्ध आहे.

वऱ्हाडातील पहिली मोजणी सारा घेण्यासाठी झाली आणि तिचा आकडा गावाबाहेर गेला. हवामानाची मोजणी गावाच्या हितासाठी व्हायची असेल, तर तिचा आकडा चावडीवर लावला गेला पाहिजे. आपल्या नावावर काय मांडले आहे हे ज्याला वाचता येते, त्यालाच त्यावर हरकत घेता येते.